पाणी नाही, म्हणून बंद

या अंकाच्या संपादकबाईंची नात माझ्याकडे असते. एका संध्याकाळी तिच्या सँडलचा पट्टा लावता लावता त्या म्हणाल्या, "पूर्वा, तुझ्या कामाबद्दल लिहून दे ना आम्हाला. सावकाश दे, पण मराठीत दे." दारात उभं राहून, मुलाचा हात धरून कोणी काही मागितलं की मला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणाले. पुढे जे लिहिलं आहे ते बरंचसं या सवयीबद्दलच आहे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच बोलतो, पण कागदावर मराठी लिहायची वेळ दहावीनंतर फारशी आली नाही. त्यामुळे हा लेख आईने तपासला आहे. शुद्धलेखन तिचं, मजकूर माझा. तिच्याबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र तिला बदलू दिलेलं नाही.

मी घरगुती पाळणाघर चालवते. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट आहे. हॉल आणि एक खोली मुलांची, दुसरी खोली आईची आणि माझी. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक आहे, त्याची कडी बाहेरून मुलांच्या हाताला लागत नाही. सात मुलं आहेत. सगळ्यात लहान अकरा महिन्यांचं, सगळ्यात मोठी पाच वर्षांची. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. स्वयंपाक आई करते, बाकीचं मी.

बी.कॉम. झाल्यावर सात महिने मी एका कंपनीत फोनवर बोलायचं काम केलं होतं. फोन वाजला की माझ्या हातांना घाम यायचा. एकदा समोरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, तुम्ही आहात का?" आणि मला खरंच उत्तर सुचलं नाही. मी नोकरी सोडली. त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंची मूल सांभाळणारी मावशी गावाला गेली आणि त्या पंधरा दिवसांसाठी त्यांचं बाळ माझ्याकडे ठेवू लागल्या. मावशी परत आलीच नाही. म्हणजे माझं काम सुरू झालं तेच दुसऱ्या कोणाच्या तरी सुट्टीमुळे.

लहान मुलांसमोर मला लाज वाटत नाही. ती एकदा विचारतात, उत्तर ऐकतात आणि पुढे जातात. मोठी माणसं उत्तर ऐकल्यावर चेहऱ्याकडे बघत राहतात.

बाहेरच्यांना वाटतं की रडणं हा या कामातला अवघड भाग. तसं नाही. रडण्याला कारण असतं, ते शोधायचं असतं आणि चार-पाच कारणांपलीकडे ते जात नाही. अवघड असते दुपारची झोप. सात जणांना एका वेळी आडवं करायचं असतं, आणि एक जागं राहिलं तर ते सहांना उठवतं. आमच्याकडे एक वाजता मी हॉलच्या खिडकीचा पडदा लावते आणि म्हणते, "पडदा लागला. आता कोणी कोणाला काही विचारायचं नाही." कारण मुलं झोप टाळतात ती प्रश्न विचारून. पाणी कुठे जातं, आजी कधी येणार, पाल झोपते का. पडदा लागल्यावर प्रश्न बंद, हा नियम मुलं कमालीच्या निष्ठेने पाळतात. नवीन मूल काही विचारू लागलं तर जुनी मुलं त्याला दटावतात.

प्रत्येक मुलाची एक छोटी वही असते. काय खाल्लं, किती झोपलं, शी किती वेळा झाली, कुठे खरचटलं, हे मी तीत लिहिते आणि पालक सही करतात. तोंडाने सांगण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. फोनमध्ये पालकांची नावं मुलांवरून आहेत. ओवीची आई, इराचे बाबा. त्यांचीही माझ्याबद्दल तीच गत असणार. मी कोणाच्या फोनमध्ये 'पाळणाघर' आहे, कोणाच्या 'पूर्वा मावशी'. एकदा एकीच्या फोनवर माझं नाव दिसलं, ते 'बेबी डे' असं होतं, पुढचं 'केअर' राहून गेलं होतं.

आता सुट्टीबद्दल. शाळेच्या सुट्ट्या आधी छापून येतात. बँक बंद असली तरी पैसे काढायचं मशीन असतं. पाळणाघर बंद राहिलं तर सात घरांत एकेक मोठं माणूस घरी बसतं. माझी एक सुट्टी म्हणजे सात ठिकाणी सात रजेचे अर्ज. हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं, म्हणून मी सुट्टी मागायचेच नाही. रविवार, दिवाळीचे चार दिवस, आणि मी स्वतः तापाने पडले तर तेवढंच.

पालकांच्या सुट्ट्यांचं वेगळं असतं. एक जोडपं होतं, दोघंही बँकेत. एका शनिवारी मुलाला नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर घेऊन आले. आईने सहज विचारलं, "आज तर बँक बंद ना?" तर ते गृहस्थ म्हणाले, "हो ना काकू, सुट्टी आहे, म्हणून तर लवकर आणलं." त्यांची बायको मागे उभी राहून रिक्षाकडे बघत होती. दोघं कुठे गेली ते आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी आली तेव्हा दोघांचे चेहरे झोपेने सुजलेले होते. मला त्यांचा राग आला नाही. थोडा हेवा वाटला.

दुसरा प्रकार तापाचा. आजारी मुलाला आणायचं नाही, हा आमचा नियम भिंतीवर लावलेला आहे. तो मोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सकाळी आठला तापाचं औषध पाजायचं, साडेआठला हसतं मूल माझ्या हातात द्यायचं. ते साडेअकरा-बारापर्यंत हसतं आणि मग माझ्या मांडीवर तापतं. मी फोन केला की पलीकडून आवाज येतो, "अरेच्चा, सकाळी तर छान होता." मी वहीत ताप लिहिते. औषधाचा वास येत होता हे लिहीत नाही. त्या सकाळी त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता, हे मला कळतं.

असं चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, मला एक दिवस हवासा वाटू लागला. कुठे जायचं नव्हतं. कोणाचं लग्न नव्हतं, मी आजारी नव्हते. मला फक्त आठवड्याच्या मधल्या एका दिवशी माझ्या घरात कोणी यायला नको होतं. रविवारी ते जमत नाही. रविवारी गाद्यांचे अभ्रे धुवायचे असतात, खेळणी मिठाच्या पाण्याने पुसायची असतात, मावशा-मामा येतात. मला एक रिकामा गुरुवार हवा होता. ही इच्छा इतकी वाढली की सकाळी पहिली बेल वाजली की माझ्या हातांना घाम येऊ लागला. फोनच्या नोकरीत यायचा तसाच.

मी आईला सांगून टाकलं की असंच राहिलं तर दिवाळीनंतर पाळणाघर बंद करते.

आई कणीक मळत होती. म्हणाली, "एक दिवस सुट्टी घेता येत नाही म्हणून आयुष्यभराची सुट्टी घेणार?"

तिचं बरोबर होतं, पण आयुष्यभराच्या सुट्टीला कोणी कारण विचारणार नव्हतं.

पहिला प्रयत्न मी इंग्रजीत केला. इंग्रजीत मी जरा धीट असते. शाळेत रजेचे अर्ज लिहायला शिकवले होते, त्यातलं एक वाक्य मला पाठ होतं. पालकांच्या ग्रुपवर मी लिहिलं: 'डिअर पेरेंट्स, ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस डेकेअर विल रिमेन क्लोज्ड टुमॉरो.' पाच मिनिटांत पहिला फोन आला. "काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग दुसरा, मग तिसरा. एका आजोबांनी विचारलं, "कोणी गेलं का?" साडेसातला वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीचा डबा घेऊन आल्या आणि सोफ्यावर बसून, हळू आवाजात, "सांग, मन मोकळं कर" म्हणाल्या. आई आतून हसू दाबत त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. नऊ वाजता मी ग्रुपवर लिहिलं की उद्या नेहमीप्रमाणे चालू.

यातून मी चुकीचा धडा घेतला. मला वाटलं, कारण मोघम होतं म्हणून फसलं. पक्कं, साधं, कोणाला काळजी वाटणार नाही असं कारण हवं.

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी संध्याकाळी मी लिहिलं: 'उद्या आमच्याकडे पाणी येणार नाही. मुलांची गैरसोय होईल, म्हणून पाळणाघर बंद.' पाण्याशिवाय सात मुलं सांभाळता येत नाहीत, हे कोणालाही पटतं. 'ओके', 'ठीक आहे', अंगठे. ओवीच्या आईचा अंगठा जरा उशिरा आला. इराच्या बाबांचं काहीच आलं नाही, पण ते ग्रुपवर कधीच काही लिहीत नाहीत.

इराचे बाबा पाणीपुरवठ्याच्या कामात आहेत. कुठल्या भागात कोणत्या वेळी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, हेच त्यांचं काम. मला हे आधीपासून माहीत होतं. इरा ऐटीत सांगायची, "माझे बाबा सगळ्यांच्या नळाला पाणी सोडतात." ते वाक्य लिहिताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आणि गंगापूर धरण त्या महिन्यात भरून वाहत होतं.

गुरुवारी सकाळी पावणेनऊला मी गादीवर बसून चहा पीत होते. हॉल रिकामा होता. पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता. तेवढ्यात सोसायटीच्या फाटकापाशी मोठा हॉर्न वाजला.

बाहेर पाण्याचा टँकर उभा होता. ड्रायव्हर पाइप उलगडत होता. आमचे वॉचमन भागवतकाका त्याच्यासमोर हात कमरेवर ठेवून उभे होते.

"कोणी मागवला?"

"इथं पाळणाघर हाये ना? पाणी नाय म्हने त्यांच्याकडं. भाऊंनी पाठवलंय."

"पाणी नाय? आरं, टाकी वाहून चाललीये सकाळपास्नं. मीच आत्ता मोटार बंद केली."

ड्रायव्हर शिडीने वर गेला, झाकण उघडून बघितलं, आणि वरूनच फाटकाच्या दिशेने अहिराणीत ओरडला, "भाऊ, टाकी भरेल शे." म्हणजे भरलेली आहे.

फाटकात इराचे बाबा स्कूटरवर होते. इरा पुढे उभी, पाठीला दप्तर. ते सटाण्याकडचे आहेत. आमच्याशी शहरातलं मराठी बोलतात, पण टँकरवाला त्यांच्या गावचा होता. त्यांनी वर टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गाऊनवर ओढणी घेऊन, चहाचा कप हातात धरून दारात उभी होते.

खरं सांगायलाही तोंड उघडावं लागतं.

त्यांनी गाडी स्टँडला लावली. "कधी कधी काय होतं मॅडम," ते सावकाश म्हणाले, "प्रेशरचा प्रॉब्लेम असतो. आता आलेलं दिसतंय." मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल रे, मागच्या गल्लीत त्या बांधकामावर टाकून ये, त्यांना लागतंच." भागवतकाका काहीतरी बोलणार होते, त्यांनाही ते म्हणाले, "काका, मोटारीवर लक्ष ठेवा."

मग त्यांनी खिशातून फोन काढून, माझ्यासमोरच, ग्रुपवर आयुष्यातला पहिला मेसेज लिहिला: 'पाळणाघराचा पाण्याचा प्रश्न सुटला आहे. मुलांना घेऊन या.' मला वाचवायचा हाच एक मार्ग त्यांना सुचला असणार. सव्वानऊपर्यंत सहा मुलं आली. येताना प्रत्येक आईबाप इराच्या बाबांचं कौतुक करत होते. एका बाबांनी पाण्याचे दोन मोठे जार आणले होते.

आई डाळ-तांदूळ धूत होती. नळ पूर्ण सोडलेला. म्हणाली, "खोटं बोललीस ते बोललीस, निदान लाईट नाही म्हणायचं. लाईटवाला आपल्याकडे कोणी नाही."

सातवी, ओवी, आली नाही. ओवी तेव्हा दोन वर्षांची होती. तिचे बाबा पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात. तिची आई तीन महिन्यांपूर्वीच सिन्नरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. कंपनीची बस पावणेनऊला फाट्यावर येते. मी मेसेज केला तेव्हाच तिने साहेबांना कळवून टाकलं होतं, आणि इराच्या बाबांचा मेसेज येईपर्यंत बस निघून गेली होती.

शुक्रवारी सकाळी ओवीला माझ्याकडे देताना ती म्हणाली, "काल आमच्याकडे बाहेरचे लोक तपासायला येणार होते. माझंच टेबल बघणार होते. साहेब म्हणाले, पाणी नाही ही काय सबब झाली? माझं कायम व्हायचं पत्र होतं ना या महिन्यात, ते तीन महिने पुढं ढकललं." तिने ओवीच्या टोपीची नाडी बांधली. "असो. तुम्ही तरी काय करणार? पाणी नाही तर नाही." आणि बस पकडायला पळाली.

त्या दिवशी मी ओवीला जास्त वेळ कडेवर घेतलं. त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

इराचे बाबा रोज संध्याकाळी जाताना एकच प्रश्न विचारू लागले. "पाणी बरोबर येतंय ना?" चेहऱ्यावर काहीही नाही. मी म्हणायचे, "हो." त्यांनी माझं खोटं झाकलं होतं, त्यामुळे ते आता दोघांचं झालं होतं, आणि मला ते एकटीने मोडता येईल की नाही हेही कळत नव्हतं. बाकीच्या पाच घरांना सांगायची गरज वाटली नाही. त्यांचा एक तास गेला होता. ओवीच्या आईचं मात्र पत्र गेलं होतं, आणि ते कशामुळे गेलं हे तिला माहीत नव्हतं.

पाच दिवस मी वाक्य जुळवत राहिले. रोज सकाळी दारात ती घाईत असायची आणि संध्याकाळी थकलेली. निदान मी स्वतःला असं सांगत होते. बुधवारी मी ओवीची वही भरत होते. 'वरण-भात खाल्ला. काकडी थुंकली. दीड तास झोप. शी एकदा.' पेन हातातच होतं. त्याखाली मी लिहिलं: 'मागच्या गुरुवारी पाणी होतं. मला सुट्टी हवी होती आणि सांगता आलं नाही. तुमच्या पत्राचं मला माहीत नव्हतं. सॉरी. पूर्वा.' वही दप्तरात घातली आणि चेन लावली. पुन्हा उघडू नये म्हणून दप्तर आईकडे दिलं.

गुरुवारी ओवी आली. वहीवर सही नव्हती. ओवीची आई काही बोलली नाही. शुक्रवारीही नाही. मी नेहमीप्रमाणे लिहीत राहिले, खाल्लं, झोपली, आणि खाली सहीची जागा कोरी. सोमवारीसुद्धा तसंच. पाळणाघर आपण बंद करायच्या आधी ते असं बंद होईल, असं मला वाटू लागलं. एक घर सोडून गेलं की बाकीचे विचारतात, का सोडलं. आई म्हणाली, "सोडायचं असतं तर मूल आणलं असतं का?" मी म्हटलं, तिच्याकडे दुसरं कोण आहे? आणि हे बोलल्यावर मला जास्तच वाईट वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी ती साडेसहाला आली आणि दारातून आत येऊन सरळ मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली. गुडघे हनुवटीपर्यंत आले. ओवी तिच्या पाठीवर चढली.

"लय राग आला होता मला," ती म्हणाली. ती सायखेड्याची आहे. थकली की गावचं बोलणं येतं तिच्या तोंडी. "दुसरं पाळणाघर पण बघून आले. तिथं टीव्ही लावून बसवतात."

मी उभीच होते.

"मग वही परत वाचली. म्हटलं, हिनं सांगितलं तरी. मी तर जूनमध्ये दोनदा ओवीला ताप असताना औषध पाजून आणलं. नवीन नोकरी होती. तुम्हाला कळलं होतं?"

"वास येत होता," मी म्हटलं.

"आणि बोलला नाही?"

"तुम्ही तरी काय करणार होता?"

ती हसली नाही, पण ओवीचा पाय गळ्यातून सोडवताना थांबली. "हे बघा पूर्वाताई, तुम्हाला सुट्टी हवी तर घ्या. कशासाठी ते मला नका सांगू. मला काय करायचंय त्याचं? मला फक्त आठ दिवस आधी सांगा. माझी आई येते सायखेड्याहून. तिला बस सापडते, नातही सापडते. पण तिला आदल्या रात्री सांगून कसं चालेल? शेळ्या कुणाकडं तरी सोपवाव्या लागतात."

मला चार वर्षं वाटत होतं की लोकांना कारण हवं असतं. त्यांना दिवस हवे होते. हे इतकं साधं होतं की मी ते पुन्हा एकदा विचारलं. "कारण नको?"

"नको. शेळ्यांना पण नको."

त्या वहीत तिने मागच्या सगळ्या दिवसांच्या सह्या एकदम केल्या.

मी तिच्या साहेबांना लिहून देऊ का, असं विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही आता काही लिहू नका." तिचं पत्र डिसेंबरात आलं. तीन महिने उशिरा ते उशिराच, त्याची भरपाई मला करता आली नाही. तेव्हापासून तिची बस चुकली तर मी ओवीला सातपर्यंत ठेवते आणि वहीत जादा वेळ लिहीत नाही. तिला हे माहीत आहे.

आता आमच्याकडे पद्धत अशी आहे. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी एक कागद दारावर लावते, त्यावर माझ्या बारा सुट्ट्यांच्या तारखा असतात. पुढे कारणाचा रकाना नाही. पालकही आपल्या सुट्ट्या त्याच कागदावर लिहितात. दोन-तीन घरांचे गट केले आहेत, म्हणजे ज्या दिवशी मी नाही त्या दिवशी एकाचं मूल दुसऱ्याकडे, पुढच्या वेळी उलट. बँकेतलं जोडपं यात फार तरबेज निघालं. ताप असेल तर सकाळी खरं सांगायचं, मग काय करायचं ते मिळून बघू, असंही ठरलं आहे. ते नेहमी पाळलं जात नाही. कधी कधी अजूनही साडेअकराला मांडी गरम होते.

पण पहिली सुट्टी या कागदाच्या आधीची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आठ दिवस आधी, मी ग्रुपवर मराठीत लिहिलं: 'पुढच्या गुरुवारी पाळणाघर बंद राहील.' पूर्णविराम दिला. त्यापुढे काहीतरी लिहावं म्हणून अंगठा सारखा शिवशिवत होता. आईने फोन काढून घेतला. अर्ध्या तासाने परत दिला तेव्हा सहा अंगठे आले होते. सर्वात खाली इराच्या बाबांचं उत्तर होतं, त्यांचा ग्रुपवरचा दुसरा आणि आजपर्यंतचा शेवटचा मेसेज. 'ठीक आहे. टँकर पाठवत नाही.'

त्या गुरुवारी आई तिच्या बहिणीकडे गेली. जाताना फक्त म्हणाली, "भात कुकरमध्ये आहे." मी साडेआठला उठले. बेलच्या वेळी एकदा दाराकडे बघितलं. मग चहा केला, हॉलमध्ये मुलांच्या गादीवर आडवी झाले आणि छताकडे बघत राहिले. मुलांना वरचा तो ओलीचा डाग ससा वाटतो. मला तो ससा त्या दिवशी दिसला. दुपारी भात-दही खाल्लं. पुन्हा तिथेच पडले. हात कोरडे होते.

पाचच्या सुमारास खिडकीवर टकटक झालं. आमच्या हॉलची खिडकी पार्किंगच्या बाजूला आहे, खाली कट्टा आहे. गजांच्या पलीकडे कट्ट्यावर इरा उभी होती. मागे स्कूटरवर तिचे बाबा.

"सॉरी मॅडम," ते म्हणाले. "हिला बघायचं होतं, पाळणाघर जागेवर आहे का."

इराने आत सगळीकडे नजर फिरवली. खेळण्यांची टोपली, फाटक, माझी उशी. "तू गावाला नाही गेलीस?"

"नाही."

"डॉक्टरकडे?"

"नाही."

"मग सुट्टी कशाला?"

तिचे बाबा स्कूटरच्या आरशात बघून केस नीट करू लागले. केस त्यांना फारसे नाहीत. मला पाणी आठवलं, लाईट आठवली, शाळेतला अर्ज आठवला.

"झोपायला," मी म्हटलं.

इराने विचार केला. हे कारण तिला रोज एक वाजता ऐकावं लागतं, त्यामुळे ते तिला ओळखीचं असणार. तिने गजांतून हात आत घातला, पडद्याची कड पकडली आणि जेवढा येईल तेवढा ओढून घेतला. थोडी फट राहिली, तीही तिने बोटांनी सरकवली.

पलीकडून तिचे बाबा काहीतरी म्हणू लागले. मला शब्द ऐकू आले नाहीत, इराचा आवाज मात्र स्पष्ट आला.

"बाबा, पडदा लागला. आता काही विचारायचं नाही."